नारिंगी रंगाखालचा पोचा

प्रिय विसरभोळे,

तुला एक आजी आहे. आठवतंय का काही? वय एकोणऐंशी, दात अकरा, जीभ शाबूत. मागल्या फोनवर तू म्हणाली होतीस, आजी, रविवारी निवांत बोलू. त्यानंतर पाच रविवार येऊन गेले. मला कॅलेंडर वाचता येत नाही, पण रविवार बरोबर ओळखता येतो, कारण त्या दिवशी तुझा बाप सकाळी सातला ग्राइंडर चालू करतो आणि माझ्या चहात लोखंडाचा कीस पडतो. म्हटलं, हिची वाट बघण्यात अर्थ नाही, आपणच कागद धाडावा. फोनवर तू हो आजी, बरं आजी करतेस आणि मधेच पुलाच्या कामावरच्या कुणाला तरी काँक्रीटवरून झापतेस. मला वाटतं मलाच झापलं. शिवाय घरातला फोन कायम तुझ्या बापाच्या खिशात. मला देतो तोही स्पीकर लावून, स्वतः शेजारी उभा राहून. असं बोलणं म्हणजे पोलिसासमोर जबाब.

मला अक्षर येत नाही हे तरी विसरली नसशील. लिहितेय तुझी आई. आमचा करार असा, की मी सांगेन तसं लिहायचं, शब्द बदलायचा नाही, आणि चार-सहा ओळी झाल्या की मोठ्याने वाचून दाखवायच्या. करार करावा लागला, कारण मी पहिल्याच ओळीत घाण म्हटलं तर हिने अव्यवस्था लिहिलं. पहिला कागद फाडला. या घरात जे चाललंय त्याला अव्यवस्था म्हणत नाहीत गं. घाण म्हणतात. लिही, घाण.

तर ऐक. तुझ्या बापाची पाणबुडी पुरी होत आली. तो तिला पाणबुडी म्हणतो, मी डबा म्हणते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी क्रेन येणार, डबा उचलून गावाबाहेरच्या दगडाच्या जुन्या खाणीत सोडणार. खाणीत पाणी भरून चाळीस वर्षं झाली, दोरीला दगड बांधून मोजलं तर वीस मीटर खोल. तिथे तळाशी जाऊन तुझा बाप काय बघणार, तर गाळ. आणि लोकांनी फेकलेल्या गाद्या. मी विचारलं, गाळच बघायचाय तर आपल्या न्हाणीघराच्या मोरीत डोकं घाल, क्रेन तरी वाचेल. तर म्हणाला, आई, तुला नाही कळायचं, ते शोध घेणं असतं. बावन्न वर्षांच्या माणसाला अजून शोध घ्यायचाय! घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही.

तू गेल्यापासून घराची जी दशा झालीये ती बघून कुत्रंसुद्धा उंबऱ्यावरून परत जातं. बाथरूमच्या दाराला ग्रीसचे पाच बोटांचे ठसे. टॉवेलला ग्रीस. साबणाला ग्रीस, म्हणजे हात धुवायला गेलं की आणखी काळे. माझ्या मोठ्या पातेल्यात त्याने शिसं वितळवलं, आणि वर विचारतो, घासून घेतलं तर चालेल ना गं दुधाला? ओकारी आली मला. ते पातेलं मी स्वतः अंगणात नेऊन पुरलं. आणि बॅटऱ्या! गोदामात माल उचलायच्या त्या बुटक्या गाड्या असतात ना, तसल्या मोडीत निघालेल्या गाडीच्या बारा बॅटऱ्या आणून माझ्या पलंगाशेजारच्या पॅसेजमध्ये चार्जिंगला लावल्या. दिवसभर बुडबुड, बुडबुड, जसं काही कुणी म्हातारा गुळण्या करतोय. त्यातल्या दोन अति चार्ज झाल्या आणि नासक्या अंड्याचा असा वास सुटला की शेजारचा न्हावी विचारायला आला, आजी, घरात काही मेलंय का? मी म्हटलं, अजून नाही. माझ्या चादरीला ॲसिडची भोकं पडली ती तुझी आई गुपचूप रफू करत बसली. हे पण लिही.

तू ओरडलीस तेव्हा कुठे बॅटऱ्या घरातून हलल्या. आधी त्या डब्यात सीटखाली ठेवायचा बेत होता. तू सांगितलंस की चार्ज होताना त्यातून जो वायू निघतो तो बंद जागेत साठला आणि बटणाची एक ठिणगी उडाली तर बाबा, तुमचे तुकडे गोळा करायला मीठ चाळायची चाळणी लागेल. हे वाक्य मला फार आवडलं, माझ्यावर गेली आहेस. तर आता डब्याच्या पोटाखाली दोन वेगळ्या पेट्या आहेत, घोड्याच्या पाठीवर दोन बाजूंना पिशव्या असतात तशा, आणि बॅटऱ्या त्यांत. चार्जिंग जमिनीवर, झाकणं उघडी ठेवून. झाकण लावायच्या आधी पंख्याने हवा मारून घेतो आणि एक नळीवालं यंत्र हुंगवून बघतो. पेटीतून आत जाणाऱ्या प्रत्येक वायरीला वेगळं भोक, प्रत्येक भोकाला पितळी बोंडी, बोंडीत रबर, रबरावर आवळलेला नट. आधी फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याने जाड तार घातली होती. मी तुला सांगेन म्हटल्यावर काढली. आता मोटरला वेगळा फ्यूज, दिव्याला वेगळा, पंख्याला वेगळा. आतली हवा श्वासाने खराब होऊ नये म्हणून चुन्यासारखे पांढरे खडे एका जाळीत ठेवलेत, पंखा हवा त्यांच्यातून फिरवतो. त्या पंख्याला स्वतंत्र छोटी बॅटरी, मोठ्या बॅटऱ्या मेल्या तरी तो फिरणार. आणि सगळी वीज गेली तर? तर हाताने एक दांडा फिरवायचा, बुडायला वजन म्हणून खाली टांगलेलं शिसं सुटून पडतं आणि डबा आपोआप वर येतो. मी स्वतः दांडा फिरवून बघितला. लोण्यासारखा फिरतो.

म्हणजे विजेच्या कामात नाक मुरडायला जागा नाही, आणि मला नाक मुरडायला किती आवडतं ते तू जाणतेस. तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात वायरमन म्हणून काढली त्याने. जिथे भिंतीसुद्धा गळतात तिथे एकालाही कधी शॉक लागू दिला नाही. वायर म्हटली की त्याच्या अंगात संत संचारतो. एक टोक उघडं राहिलं तर जेवण गोड लागत नाही त्याला. पण पोरी, ज्याला विजेचं सगळं कळतं त्याला वाटायला लागतं की लोखंडाचंही कळतं. डब्याचा सांगाडा त्याच्या लेखी म्हणजे नुसती वायरींवर घातलेली टोपी.

तो सांगाडा कुठला, ते तुला माहीत आहे. बंद पडलेल्या सरबताच्या कारखान्यातली हवा भरायची टाकी, भंगारवाल्याच्या आवारात कित्येक वर्षं आडवी पडलेली. चार मिलिमीटर पत्रा. तुझ्या बापाचा हिशेब असा: या टाकीने आयुष्यभर आतून हवेच्या सात पट दाब सोसला, खाणीत वीस मीटरवर बाहेरून येणार फक्त दोन पट. मग भ्यायचं काय? घरी येणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब ऐकवतो, आणि प्रत्येक जण मान डोलावतो. न्हाव्याने तर डब्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि दुकानात लावला. मला या मान डोलावणाऱ्यांची जेवढी किळस येते तेवढी ग्रीसची येत नाही. ग्रीस निघतं तरी.

तुला मात्र तो हिशेब पटला नव्हता. तू म्हणालीस, बाबा, आतला दाब वेगळा आणि बाहेरचा वेगळा, आत तीन गोल लोखंडी कडी वेल्ड करून घ्या. त्याने घेतली. मग तू विचारलंस, टाकी गोल आहे ना? नीट गोल? मोजलीत? तो म्हणाला, चेंडूसारखी. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी वाटाणे सोलत बसले होते, मी ऐकलं. तू म्हणालीस, मग पंचवीस मीटरपर्यंत हरकत नाही, पण आधी रिकामी सोडून बघा. त्याने रिकामी सोडायचं वाक्य विसरून टाकलं, आणि पंचवीसचा आकडा डब्याच्या दारावर रंगवून घेतला. तुझी आई म्हणते, खाली तुझं नावपण लिहिलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, माझ्या लेकीने पास केलीय, पुलाची इंजिनिअर आहे. आणि तू? तू तो आकडा दिलास आणि दुसऱ्या मिनिटाला काँक्रीटवाल्याला झापायला लागलीस. आठवतोय तरी का तुला?

आता माझं ऐक. मी एकतीस वर्षं फळं आणि मटार डब्यात भरायच्या कारखान्यात काय करत होते? तुम्हा सगळ्यांना वाटतं, आजी कामगार होती, डबे भरत होती. डबे भरायला बाकीच्या होत्या. मी ठोकणारी होते. हातात वीतभर पोलादी काडी, समोरून डबे सरकत जायचे, प्रत्येकाच्या टोपणावर एकदा टिच्. चांगला डबा खणखणीत बोलतो. ज्याच्यात हवा शिरलीय तो भद्द बोलतो, सर्दी झाल्यासारखा. तो बाजूला काढायचा. दिवसाला हजारो. बाकीच्यांना तीन महिन्यांत कान कुठला आणि काडी कुठली कळेनासं व्हायचं, मला एकतीस वर्षं कळलं.

आणि त्या कारखान्यात मी आणखी एक बघितलंय. डबे शिजवायचं जे मोठं भांडं होतं, त्यात गार करताना एकदा हवेचा दाब जास्त सोडला गेला. भांडं उघडलं तर आतल्या पिंजऱ्यातले शेकडो डबे चिपाडासारखे चेपलेले. पण सगळे नाही. जे नीट गोल होते ते तसेच उभे, आणि ज्यांना आधीचा पोचा होता ते बसले, त्याच पोच्यापासून. तेव्हाचा फोरमन मला म्हणाला होता ते मी कधी विसरले नाही, तुझ्यासारखी नाही मी. डब्याला आतून दाब आला तर तो आधी फुगतो, कुरकुरतो, गळतो, माणसाला वेळ देतो. बाहेरून आला तर वेळ देत नाही. असतो, असतो, आणि नसतो.

म्हणून मागच्या मंगळवारी तुझा बाप कामावर गेल्यावर मी शेडमध्ये गेले. हातात काडी नव्हती, लाटणं आणि उलथनं नेलं. डब्याला नवा नारिंगी रंग दिलाय, दोन हात, तुझ्या आईनेच दिलाय, पाण्यावर लांबून दिसावा म्हणून. एका टोकापासून ठोकत निघाले. टण्, टण्, टण्, छान बोलत होता. डाव्या बाजूला, मधल्या आणि मागच्या कड्याच्या बरोबर मध्ये आले आणि भद्द. पुन्हा ठोकलं. भद्द. चारी बाजूंनी हात फिरवत गेले तर माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब आणि पंजाएवढी रुंद जागा, तिथे लोखंड बोलतच नव्हतं. उलथन्याच्या टोकाने रंग खरवडला. खाली करडी पुट्टी. मोटारीच्या अपघातानंतर गॅरेजवाले थापतात ना, तीच. दोन बोटं खोल गेले तरी लोखंड लागेना. शी! जखम न धुता वरून पावडर लावावी तसं. झाकली मूठ म्हणतात ती हीच.

तेवढ्यावर थांबले असते तर मी मी नसते. स्टुलावर चढले आणि डब्याचं वरचं दार उघडून आत उतरले. हो, एकोणऐंशीव्या वर्षी. गुडघा अडकला, लुगडं अडकलं, एक शिवी बाहेर राहिली आणि मी आत पडले. आत रबराचा, रंगाचा आणि तुझ्या बापाच्या मोज्यांचा वास. एका कोपऱ्यात झाकणाची बादली. कशासाठी ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. दोन खुर्च्या आहेत, एकामागे एक. भिंतींना आतून फोम लावून वर रेक्झिन ताणलंय, दिवाणखान्यासारखं. मागच्या खुर्चीच्या डाव्या अंगाचं रेक्झिन मी खिळ्यांपासून सोडवलं आणि हात घातला. पत्रा आत आलेला. पोट सुटलेल्या माणसासारखा आत आलेला. मागच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा डावा खांदा त्याला जवळपास टेकेल.

बाहेर आले आणि सरळ वेल्डरकडे गेले, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात. तो माझ्या डोळ्याला डोळा देईना. हातमोजे काढ, हातमोजे घाल. मग बोलला. टाकी भंगारात एका मोठ्या दगडावर आपटली होती, पोचा तेव्हाचा. मी दादांना दाखवला आजी, शपथ, पहिल्याच दिवशी दाखवला, म्हणालो ही टाकी सोडा, दुसरी बघू. ते म्हणाले, दुसरी मिळायला वर्ष जाईल, आतून कडी मारतोयस ना, मग भर पुट्टी आणि गप बस. मी विचारलं, तू गप बसलास? तो म्हणाला, आजी, त्यांच्या लेकीने पास केलीय म्हणाले, इंजिनिअर आहे, मग मी कोण बोलणारा?

म्हणजे बघ. तुला पोचा माहीत नाही, म्हणून तू पास केलंस. ठिणगीला पोचा माहीत आहे, पण तू पास केलंस म्हणून तो गप्प. आणि मधे बसलेला तुझा बाप, ज्याला दोन्ही माहीत आहे, तो तुला म्हणतो चेंडूसारखी. मी त्याला जन्म दिला, त्याची हगणी-मुतणी काढली, कधी नाक धरलं नाही. पण त्या एका शब्दाची मला जी शिसारी आली ना, ती अजून घशात आहे. त्याला विचारलं नाही असं समजू नकोस. बुधवारी सकाळी विचारलं. तो आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला, आई, तू मटाराच्या डब्यांवरून पाणबुडी शिकवायला निघालीस, अगं तुला साधा आकडा वाचता येत नाही. खरंय. नाही येत. रिकामा तरी सोडून बघ म्हटलं. तर म्हणे, बॅटऱ्या आणि शिसं काढलेला रिकामा डबा बुडवायला दोन टन वजन लागतं ते कुठून आणू, आणि क्रेन एकाच दिवसाची आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

आणखी एक सांगायचंय, जे तुझ्या आजोबांनाही मी सांगितलं नाही. लिही गं, थांबू नकोस. कारखान्यात एका वर्षी मोठी ऑर्डर होती आणि पोचे पडलेल्या डब्यांचा एक आख्खा ढीग होता. मी ठोकले, निम्मे भद्द. बाजूला काढले. नवा साहेब आला, म्हणाला, वर लेबल लागणार आहे, कोण बघतंय. रजिस्टर पुढे केलं, सगळा माल ठीक आहे म्हणून. मला वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते मला नक्की ठाऊक होतं. मी अंगठा उठवला. तीन आठवड्यांनी अर्धा माल फुगून परत आला, आणि ते डबे उघडून धुवायला मलाच बसवलं. तो वास, पोरी. आठ दिवस मी जेवले नाही. पण त्याच्या आधीच आमच्या पहारेकऱ्याने त्यातला एक डबा घरी नेला होता. त्याच्या बायकोच्या पापण्या उचलेनात, मग घोट गिळता येईना. दीड महिना ती दवाखान्यात होती. वाचली. मी भेटायला गेले, आणि तिने जड पापण्यांखालून माझ्याकडे बघून विचारलं, बाई, तुम्ही ठोकता ना हो सगळे? मी म्हटलं, हो, ठोकते. एवढंच म्हणून परत आले. लोक म्हणतात आजीला घाण वासाचं फार. मला वासाचं काही नाही. मला तो अंगठा दिसतो.

आता दुसऱ्या खुर्चीचं. ती कुणाची ते मी अजून सांगितलं नाही, कारण जिची आहे ती हे लिहितेय. हो, तुझी आई. पुढे तुझा बाप सुकाणू धरणार, मागे ती मीटर वाचून आकडे सांगणार. गेल्या महिन्यात त्याने तिला विचारलं, येतेस का? नुसतं एवढंच. एकोणतीस वर्षांच्या संसारात हा माणूस हिला कुठे घेऊन गेला? दवाखान्यात, आणि एकदा बर्फाच्या कारखान्याच्या वार्षिक संमेलनाला, तिथेही मधेच फ्यूज बदलायला उठून गेला. त्यामुळे येतेस का म्हटल्यावर हिचा चेहरा असा उजळला, की मी घरात दिवा लागला म्हणून वर बघितलं. तेव्हापासून ही गुणगुणते. त्या खुर्चीसाठी गादी शिवलीय, निळी, बारीक पांढऱ्या पट्ट्यांची. मीटरचे आकडे पाठ करते. मला हसूही येतं आणि संतापही. अरे मेल्या, बायकोला एकदा फिरायला न्यायचं मनात आलं, ते पण खाणीच्या तळाशी, आणि पोचा ठेवलास तिच्या खांद्याला!

पाकिटात एक पांढरा दोरा घातलाय, तो फेकू नकोस. मला आकडे येत नाहीत, गाठी येतात. दोऱ्याच्या टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत त्या जागेचं आडवं माप, भिंतीपासून भिंतीपर्यंत. दुसऱ्या गाठीपर्यंत तिथलंच उभं माप, तळापासून छतापर्यंत. डबा चेंडूसारखा असता तर दोन्ही गाठी एकाच जागी पडल्या असत्या. त्यांच्यामध्ये माझी तीन बोटं बसतात, आणि माझी बोटं काही नाजूक नाहीत. तुझ्या पट्टीने मोज आणि तुझा हिशेब पुन्हा मांड. त्या रविवारच्या आधी ये. पुलाला सांग, आजी आजारी आहे. हवं तर आजारी पडते. येऊन त्याच्यासमोर उभी राहा आणि तुझा आकडा परत घे, तोंडाने, फोनवर नाही. माझ्या कानावर त्याचा विश्वास नाही, ठिणगीच्या डोळ्यावर नाही, पण दारावर तुझं नाव रंगवलंय ना, मग तुझं ऐकणं त्याला भाग आहे. त्याच्या विजेचं कौतुक कर, मनापासून कर, ते खरं आहे. मग म्हण, बाबा, वायरी ठेवू, डबा बदलू. वर्ष गेलं तर गेलं. आणि नवा डबाही आधी रिकामाच खाली जाईल, दोन टन दगड खाणीत फुकट पडलेत.

आता खरं सांगते, हे पत्र हिच्याकडूनच का लिहून घेतलं. वरच्या मजल्यावर मास्तरीणबाई आहेत, अक्षर सुंदर, पाच मिनिटांत लिहून दिलं असतं. पण मी तुझ्या आईला पोच्याचं तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तिने नळ मोठा सोडला. दुसऱ्यांदा खोलीतून निघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, तुम्हाला आमचं काही चांगलं झालेलं बघवत नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मला उलटून बोलली, आणि मला राग नाही आला, भीती वाटली. कानावर पडलेलं तिने झटकून टाकलं. मग म्हटलं, हिच्या हाताने लिहून घ्यावं आणि हिच्याच आवाजात हिला वाचून दाखवायला लावावं. पुट्टीचं वाचताना तिचा आवाज नेहमीसारखा होता. अंगठ्याचं वाचताना थांबली. खुर्चीचं वाचून झाल्यावर पेन ठेवून उठली, लाटणं घेऊन शेडमध्ये गेली. बराच वेळ लाटण्याचा आवाज येत होता. टण्, टण्, भद्द. टण्, भद्द, भद्द. परत आली तेव्हा तिच्या नखांत नारिंगी रंग होता. बसली, पेन उचललं, आणि म्हणाली, सांगा पुढे. म्हणून पुढचं लिहून झालं. तेव्हा तू ये, पण तू उशिरा आलीस तरी मला आता घोर नाही. ती खुर्ची त्या दिवशी रिकामी राहणार, आणि मागची खुर्ची रिकामी राहिली तर त्याला पुढच्यात बसायचा धीर होतो का ते मला बघायचंय. एक काम मात्र हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी कर. शिशाचा हिशेब चुकू नये म्हणून तुझ्या बापाने तुझ्या आईला बर्फाच्या लाद्या तोलायच्या काट्यावर उभं केलं आणि सांगितलं, रविवारपर्यंत एक किलोही वाढायचं नाही. तेव्हापासून तीन आठवडे ती माझ्यासमोर अर्धपोटी उठते, आणि वर हसते. तिकडे मिळतात ती लोण्याची जाड बिस्किटं, अक्रोड घातलेली, चार मोठे पुडे, तिच्या नावाने पार्सल कर.

तुझीच,
आजी